पीसीओडीच्या गोळ्या चालू, लघवीत प्रोटीन आलंय - तातडीने मदत हवी आहे

केतकी_वाशी: गायनॅकने दिलेल्या गोळ्यांनी पाळी वेळेवर येते. पण आता लघवीत प्रोटीन २+, बीपी १५०/९६. किडनीवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात. गोळ्या बंद करू की नको? लवकर सांगा, डोकं चालत नाहीये.

पामबीच: कुठली गोळी? बीपीचं औषध चालू आहे का? क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती रक्ततपासणी) किती? पाळी चालू असताना तपासलं असेल तर प्रोटीन उगाच जास्त दिसतं.

नेरुळची_मावशी: अगं, मुतखडा असेल. आमच्या ह्यांना होता. रोज शहाळं दे पोटात, पडतो आपोआप.

पामबीच: मावशी, इथे खड्याचा विषय नाही. किडनीचं कळेपर्यंत शहाळं नकोच, पोटॅशियम भरपूर असतं त्यात.

घणसोलीकर: सरळ तांबी बसवा. हार्मोनची भानगडच नाही. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात.

मृ: तांबीने पीसीओडीची पाळी नियमित होते का? तिने गर्भनिरोधक विचारलंच नाहीये. शिवाय अंगावरून किती जातं! मला काढावी लागली.

घणसोलीकर: सगळ्यांना नाही होत तसं. माझ्या बायकोला काही झालं नाही.

केतकी_वाशी: तपासलं तेव्हा पाळी नव्हती. क्रिएटिनिन १.१. पाकिटावर ड्रॉस्पायरेनॉन आणि एथिनिल एस्ट्रॅडिऑल लिहिलंय. बीपीसाठी फॅमिली डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलीय.

पामबीच: अहो, हेच तर महत्त्वाचं! एथिनिल एस्ट्रॅडिऑल म्हणजे एस्ट्रोजेन हार्मोन, त्याने बीपी वाढू शकतं. १४०/९० च्या वर अशी गोळी सहसा देत नाहीत. प्रोटीन खूप जात असेल तर रक्ताची गुठळी व्हायची भीती वेगळी. आणि ड्रॉस्पायरेनॉन (गोळीतलं दुसरं हार्मोन) पोटॅशियम अंगात धरून ठेवतं, टेल्मिसार्टनही. किडनी मंदावली असेल तर ते वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. महिनाभर थांबू नका. आत्ताच गायनॅकला फोन करून दोन्ही औषधांची नावं एकदम सांगा. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (प्रोटीन नक्की किती जातंय ते कळतं) करून घ्या. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. एकच पाय सुजला, दम लागला तर गुठळी असू शकते, थेट कॅज्युअल्टी.

नेरुळची_मावशी: बीपीला ते लो सोडियम मीठ आण गं.

पामबीच: नको! त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

केतकी_वाशी: फोन लागला. पाळीची गोळी आजच थांबवायला सांगितलीय, टेल्मिसार्टन रिपोर्ट येईपर्यंत चालू. रक्त द्यायला उपाशी जावं लागेल का?

मृ: ह्या तपासण्यांना नाही लागत. लघवी मात्र सकाळची पहिली ने.