मदत हवी आहे: एएमएचचे दोन अहवाल आणि आयव्हीएफची घाई

नमस्कार. माझे वय 32 असून मी नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहते. लग्नानंतर काही काळ आम्ही मुद्दाम थांबलो होतो. गेले आठ महिने प्रयत्न सुरू आहेत, परंतु अद्याप दिवस राहिलेले नाहीत. पाळी 28 ते 30 दिवसांनी नियमित येते, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन मर्यादेत आहेत, आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी तपासलेले एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारे हॉर्मोन) 7.4 आले. अडचण एएमएच या, बीजांडांचा साठा किती उरला याचा अंदाज देणाऱ्या, एकाच रक्ततपासणीपाशी आहे.

घरच्यांच्या आग्रहामुळे मार्चमध्ये सीताबर्डीवरील एका प्रयोगशाळेत ही तपासणी केली, तेव्हा आकडा 1.1 आला. तो घेऊन आम्ही ज्या वंध्यत्व केंद्रात गेलो, तेथे पाच मिनिटांत सांगण्यात आले की बीजांडांचा साठा संपत आला आहे, वेळ न घालवता थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करून घ्या. आणि लगोलग खर्चाचा छापील तक्ताही हाती पडला. सासूबाईंनी त्यांच्या विश्वासातील वैद्यांकडून काढा आणला, तो मी चार महिने नेमाने घेतला. जुलैमध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच तपासणी केली आणि आकडा 8.6 आला. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तेव्हा पहिल्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि दुसऱ्यावर पिकोमोल प्रति लिटर असे लिहिलेले दिसले. पहिल्या एककातील 1 म्हणजे दुसऱ्यातील 7.14, त्या हिशेबाने 8.6 म्हणजे जेमतेम 1.2. आकडा हललाच नव्हता. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे ही चूक लक्षात यायला अर्धा दिवस लागला याचीच मला अधिक लाज वाटली. सासूबाईंना हे अजून सांगितलेले नाही.

त्यानंतर मिळेल ते वाचू लागले. फ्रान्समधील आल्फ्रेड योस्त यांनी 1947 मध्ये सशांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवले की नर गर्भाच्या वृषणातून असा एक पदार्थ स्रवतो, ज्यामुळे गर्भाशय व गर्भनलिका ज्यांपासून घडायच्या त्या म्युलेरियन नलिका विरून जातात. हेच ते अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, म्हणजे एएमएच. गर्भाशय घडू न देणारे म्हणून ज्याची ओळख पटली, त्याच हॉर्मोनवरून आज बाईला ‘तुझ्याकडे वेळ नाही’ असे सांगितले जाते, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो. स्त्रीच्या शरीरात ते बीजांडकोशातील वाढीला लागलेल्या लहान पुटकांतील (ज्यांत बीजांडे वाढतात त्या पिशव्यांतील) पेशींतून येते, म्हणून पुटके किती शिल्लक आहेत याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. बीजांडाच्या दर्जाविषयी मात्र ते फारसे काही सांगत नाही, कारण दर्जा मुख्यतः वयानुसार ठरतो.

माझा नेमका प्रश्न येथे सुरू होतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 750 स्त्रिया होत्या, आणि एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. परंतु त्या स्त्रियांना प्रयत्न सुरू करून तीन महिन्यांहून अधिक काळ झालेला नव्हता, आणि मला आठ महिने झाले आहेत. तो निष्कर्ष माझ्यासारखीला लावणे योग्य ठरेल का? आयव्हीएफला माझा विरोध नाही. केवळ एका आकड्यावरून तो निर्णय घ्यावा का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. उपचार करणारा डॉक्टर नाही, हे आधी नोंदवतो. आपला हिशेब बरोबर आहे. एकक सारखे असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एएमएचचे आकडे थोडे वेगळे येतात, त्यामुळे 1.1 आणि 1.2 हे एकच समजावेत. या तपासणीचा खरा उपयोग आयव्हीएफचा निर्णय झाल्यावर होतो: इंजेक्शने दिल्यास साधारण किती बीजांडे हाती येतील, याचा त्यावरून अंदाज येतो. आयव्हीएफ करावे की नाही, हे त्या एकट्या आकड्यावरून ठरू नये. त्या अभ्यासाबाबत आपली शंका रास्त आहे, मात्र 35 वर्षांखालील जोडप्यांत बारा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास वंध्यत्वाच्या तपासण्या सुरू करण्याची सर्वसाधारण पद्धत आहे, आणि आपण अजून तेथवर पोहोचलेला नाहीत.

यापुढे तपासायचेच असेल, तर पाळी अपेक्षित असलेल्या दिवसाच्या सुमारे सात दिवस आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन पाहावे. त्यावरून त्या महिन्यात बीजांड बाहेर पडले की नाही हे कळते. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे कोणतेही हॉर्मोन सांगू शकत नाही. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयरोगामुळे नलिका बंद होण्याचे प्रकार आढळतात आणि तेव्हाही रक्ताचे सर्व अहवाल उत्तम असू शकतात. घरात पूर्वी कोणाला क्षयरोग झाला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणखी एक: आपल्या एवढ्या सविस्तर लेखनात पतीच्या वीर्यतपासणीचा उल्लेख कोठेही नाही. ती राहून गेली आहे, की लिहायची राहिली?

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. तपासणीच राहून गेली आहे. आठ महिन्यांत माझे रक्त सहा वेळा काढले गेले, परंतु यांच्या तपासणीचे नाव ना केंद्रात निघाले, ना घरी. आपला प्रतिसाद यांना वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प राहून ते तयार झाले आहेत. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, की घरून नेता येतो? आमच्या घरापासून धंतोलीतील प्रयोगशाळेपर्यंत गर्दीच्या वेळी अर्धा तास सहज लागतो.