स्पेशल फोर्सेसचा सीओ (पलटणीचा प्रमुख, कमांडिंग ऑफिसर) जवळून पाहिलाय? अनुभव सांगा

साताऱ्याची लेक

धाकटा सैनिक शाळेत सातवीत आहे. साताऱ्याची ही शाळा १९६१ सालची, देशातली पहिली सैनिक शाळा. त्यामुळे तिथल्या प्रत्येक पोराला आपण निम्मे फौजी झालोच असं वाटतं. दिवाळीला घरी आला तो एकच जप घेऊन : पॅरा एसएफ, म्हणजे लष्करातल्या छत्रीधारी स्पेशल फोर्सेस. भिंतीवर कर्नल संतोष महाडिक यांचा फोटो लावलाय. ते पोगरवाडीचे, याच शाळेतले. १९९८ ला कमिशन (अधिकारीपद), २१ पॅरा एसएफ, ईशान्येतल्या कामगिरीसाठी २००३ मध्ये सेना मेडल, पुढे काश्मीरात दहशतवाद्यांशी लढणाऱ्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ, आणि १७ नोव्हेंबर २०१५ ला तिथल्याच कुपवाड्यात वीरमरण. मरणोत्तर शौर्यचक्र. एवढं त्याला पाठ आहे.

मला मधली वर्षं कळत नाहीत. कमिशन मिळाल्यापासून सीओ होईपर्यंत सोळा-सतरा वर्षं हा माणूस रोज करतो काय? व्हिडिओतला थरार पुष्कळ बघून झाला. तुम्ही जवळून पाहिलेलं लिहा. माणसांची नावं नकोत, आणि जे बाहेर सांगायचं नसतं तेही नको.

निवृत्त सुभेदार, कराडकडचा

ताई, २१ पॅरा म्हणजे आधीची २१ मराठा. १९८५ ला उभी राहिली, १९९६ ला स्पेशल फोर्सेस झाली. वाघनखं म्हणतात त्यांना. २ पॅरा पण मूळची ३ मराठाच, ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला आभाळातून उतरलेली. तेव्हा आपल्याकडच्या पोराला ते परकं घर नाही.

मी २१ मराठात होतो. पलटण बदलायची ठरली तेव्हा मीबी हात वर केला. वय कमी, मस्ती जास्त. चाचणीत टिकलो नाही, दुसऱ्या मराठा पलटणीत आलो आणि तिथून पेन्शन घेतली. सांगायला लाज नाही, लई जण गेले तसे.

आमच्यासंगट एक कॅप्टन साहेब होता, उत्तरेकडचा. त्याच्या पिठ्ठूचं, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचं, वजन आमच्यादेखत काट्यावर व्हायचं. कमी भरलं की दगड टाकायचे, आणि दगड टाकणारा आमच्यातलाच शिपाई. एकदा रात्रीच्या चालीत मी मागं पडलो, तर तो थांबला नाही. पुढं गाठ पडल्यावर म्हणाला, "मी थांबलो असतो तर तुझ्यापायी बाकीचे पण थांबले असते." त्या वेळी राग आला. परत जायला गाडीत बसलो तेव्हा त्यानं माझे बूट मागितले. त्याच्या बुटाचे तळवे निघाले होते आणि माप एकच. दिले. चप्पल घालून नव्या पलटणीत हजर झालो, तिथं त्याबद्दल रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, खाल्ला तो वेगळा.

तो पुढं सीओ झाला म्हणून ऐकलं.

माजी मेजर

सुभेदार साहेबांनी अर्धं काम केलंय माझं.

प्रोबेशन, म्हणजे एसएफमध्ये घेण्याआधीची पारख, साधारण तीन महिन्यांचं. ऑफिसर असो की शिपाई, स्वेच्छेनेच जायचं आणि वाटेल तेव्हा सोडून परत जायची मुभा असते. खरा छळ त्या मुभेचाच. पाऊस पडतोय, दोन रात्री झोप नाही आणि कोपऱ्यात गाडी उभी आहे, नुसतं 'बस' म्हणायचं. माझ्या बरोबरीचा एक मुलगा, माझ्यापेक्षा कितीतरी तगडा, चहाचा वास आला म्हणून गेला. शपथ.

पॅराशूटचं लोकांना फार कौतुक. आग्र्याला ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या मारल्या, त्यात एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात. पहिल्या उडीला मी डोळे मिटले होते, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उडी हे पोचायचं साधन आहे, एसटीसारखं. काम उतरल्यावर सुरू होतं.

तर रोज काय? कॅप्टनकडे एक ट्रूप असतो, मेजरकडे टीम. मेजर होईपर्यंत तुम्ही स्वतःच्या पायांवर जगता, त्यानंतर दुसऱ्यांच्या पायांवर. कोणाचा गुडघा कुरकुरतोय, कोणाच्या घरी जमिनीचा तंटा चालू आहे, कोण बायकोशी भांडून आलाय, हे माहीत नसेल तर नकाशा पाठ असून उपयोग नाही. आमची टीम एकदा आठवडाभर एका नाल्याच्या काठाला पडून होती. कोणी आलं नाही, गोळी सुटली नाही. परतल्यावर सीओनी अर्धा तास उलटतपासणी घेतली ती पाण्यावरून. कुठून भरलं, कोण गेलं, किती वाजता, एकच माणूस दोनदा का पाठवला. शत्रूचा विषयच निघाला नाही. मी मनात शिव्या घातल्या. पुढच्या खेपेला आपोआप पाणी मोजून वापरलं.

आणि कागद. बढती कॅप्टनला दोन वर्षांनी, मेजरला सहा, लेफ्टनंट कर्नलला तेरा, ही वर्षं मोजून मिळते. कर्नलच्या पट्टीसाठी निवड मंडळ बसतं आणि तिथून गाळणी बारीक होत जाते. स्टाफ कॉलेजच्या परीक्षेला मी दोनदा आपटलो. जंगलात राहून अभ्यास झाला नाही असं सगळ्यांना सांगतो. खरं कारण, झाला असता, केला नाही. माझ्याच बॅचचा एकजण टॉर्चच्या उजेडात वाचायचा. तो आज कुठे आहे आणि मी कुठे, जाऊ दे.

काळ्या पेट्या

मी बायकोच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे बदलीच्या सामानाच्या चौदा काळ्या पेट्या आहेत, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर. नऊ नंबरची मी सहा वर्षं उघडलेली नाही. आत काय आहे ते आता आठवतही नाही.

नवरा मोहिमेवर गेला की सांगायचा, "आठ दिवस फोन नाही." दहावा दिवस उजाडला की मी स्वयंपाकघरातले डबे घासायला काढायचे. शेजारीण खडखडाट ऐकून समजायची आणि काही न विचारता पोह्यांची ताटली ठेवून जायची. तो सीओ झाल्यावर मात्र डबे घासायची सोय राहिली नाही, कारण इतर बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. 'सीओची बायको' हे बिनपगारी पद आहे. कोणाचं बाळंतपण, कोणाच्या सासूचं ऑपरेशन, कोणाला बँकेत सही करता येत नाही. आणि एकदा, एकदाच, एका घरी बातमी घेऊन जायची वेळ आली. त्याबद्दल लिहिणार नाही.

महाडिक साहेबांच्या पत्नी स्वाती महाडिक परीक्षा देऊन, चेन्नईच्या अकादमीचं ट्रेनिंग पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यांना वयाची अट शिथिल करून मिळाली होती, ट्रेनिंग मात्र इतर कॅडेटांसारखंच. तेव्हा नातेवाइकांनी मला तो फोटो शंभरदा पाठवला, "बघ, तूही वाघीण" म्हणून. दोन मुलं मागे ठेवून, कितीतरी लहान मुलींबरोबर पहाटे धावणं काय असतं याचा विचार करा आणि मग फॉरवर्ड करा. मला ते जमलं नसतं.

माजी हवालदार, राष्ट्रीय रायफल्स

माझा सीओ पॅरा एसएफचा होता. आरआरमध्ये असं असतं, बटालियन मराठ्यांची पण साहेब दुसऱ्या रेजिमेंटचाही येऊ शकतो. ४१ आरआरसुद्धा मराठा लाईट इन्फंट्रीशीच जोडलेली.

पहिल्या दिवशी वाटलं, आता रोज डोंगर. झालं उलटंच. पहिला महिना साहेबानं गावातली पोरं गोळा करून फुटबॉल लावला. आम्ही गोलपोस्टसाठी बांबू शोधत फिरतोय! मला पटलं नव्हतं. पुढं एकदा आम्ही चुकीच्या वाटेनं निघालो होतो, तर त्यातल्याच एका पोराच्या बापानं लांबूनच मान हलवली. तोंडानं काही बोलला नाही. आम्ही वाट बदलली. तिथं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

खडकीची फिजिओ

छोटासा अनुभव. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पॅरावाल्यांचे गुडघे आणि कंबर बघून मी उड्यांचा अंदाज बांधते, बहुतेकदा जवळपास बरोबर येतो. एक निवृत्त कर्नल लेकीच्या लग्नात पंगतीत मांडी घालून बसता यावं म्हणून चार महिने व्यायाम करत होते. बसले. उठवायला मात्र दोन जावई लागले.

इन्फंट्रीचा जुना कर्नल

मुलगा हे वाचणार असेल तर दुसरी बाजूही असू द्या. सीओच्या हाताखाली हजारभर माणसं असतात. महाडिकांसारखं त्यानं पहिल्या तुकडीबरोबर जंगलात असणं मला पटत नाही. तो पडला तर वायरलेसवरचा आवाज हरवतो, आणि त्या क्षणी बटालियनला सगळ्यात जास्त गरज त्या आवाजाचीच असते. मी स्वतः सीओ असताना मागे राहिलो. निर्णय बरोबर होता असं आजही म्हणतो. त्या रात्री जो मेजर पुढे होता त्याच्या आईला मी दर वर्षी फोन करतो. ती फोनवर माझ्याशी नीट बोलते, माझीच जीभ अडखळते.

माजी मेजर

सर, पुस्तकाप्रमाणे तुमचंच बरोबर. पण एसएफमध्ये वाढलेल्या माणसाला पंधरा वर्षं सहा-सहा जणांच्या तुकडीत काढल्यावर हजार माणसं दिसतच नाहीत, समोरचे सहाच दिसतात. हा गुण की दोष, आमच्या मेसमध्येसुद्धा यावर कधी एकमत झालं नाही.

सातारा, पोवई नाका

महाडिक साहेबांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मी पोगरवाडीला गेलो होतो. गाडी अलीकडेच सोडून चालत जावं लागलं, एवढी माणसं. माझ्या पुढे एक आजोबा होते, डोक्याला फेटा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात घरच्या झेंडूची फुलं. गर्दीमुळे पुढे जाता येईना. त्यांनी ती फुलं पुढच्या माणसाकडे दिली, त्यानं त्याच्या पुढच्याकडे. पोचली का माहीत नाही.

साताऱ्याची लेक

सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याला उड्यांचं, फुटबॉलचं काही नाही. त्याचा प्रश्न एकच : सुभेदार काकांना त्यांचे बूट परत मिळाले का?

निवृत्त सुभेदार, कराडकडचा

नाही मिळाले बाळा. मी मागितलेबी नाहीत.

मी महिन्यातून दोनदा लेकीकडं साताऱ्यात असतो. सकाळी साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या चढाला पोरं पळवतो, चार-पाच जण येतात. सुट्टीत पाठवा. मोजे दोन जोड घालायला सांगा, आतला पातळ, बाहेरचा जाड. आणि नवे बूट घालून येऊ नको म्हणावं.