1957: खिशात पैसा असताना कॅनडाने सत्ताधाऱ्यांना घरी का बसवलं?

चौकस
कॅनडाचं पन्नासचं दशक म्हणजे भरभराट. अल्बर्टात तेल, सेंट लॉरेन्स जलमार्गाचं काम जोरात, 1952 पासून टीव्ही, शहरांभोवती नवी घरं. 1935 पासून लिबरल पक्ष सत्तेवर, पंतप्रधान सँ लोराँ यांच्याबद्दल लोकांना आदर. तरीही 10 जून 1957 ला सरकार गेलं आणि विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डीफेनबेकर आले. जिथे पाहावं तिथे 'पाइपलाइनचा वाद' हे कारण दिलेलं असतं. एका गॅसच्या नळापायी सरकार पडतं?

खडूस वाचक
नळापायी नाही, नळ मंजूर करून घेण्याच्या पद्धतीपायी.

पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांताचा नैसर्गिक वायू कॅनडाच्याच भूमीवरून पूर्वेला न्यायचा, ही योजना व्यापारमंत्री सी. डी. हाऊ यांची. काम ट्रान्स-कॅनडा पाइपलाइन्स या कंपनीकडे होतं आणि तिच्यावर तेव्हा अमेरिकी भागधारकांचा ताबा होता. अल्बर्टा ते विनिपेग या टप्प्याच्या खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, कमाल 8 कोटी डॉलर, सरकार कर्ज देणार. उत्तर ओंटारिओतला न परवडणारा टप्पा सरकारी महामंडळ बांधणार. 34 इंची पोलादी नळांसाठी कंपनीने केलेल्या बोलीची मुदत 7 जून 1956 ला संपत होती, म्हणून विधेयक त्याआधी हवं होतं.

इथे हाऊ यांची घाई नडली. मे महिन्यात ठराव मांडला आणि चर्चा नीट सुरू व्हायच्या आतच चर्चाबंदीची (ठराविक वेळेत चर्चा संपवून मतदान घ्यायला लावण्याची) सूचना दिली. मग ठराव, दुसरं वाचन, समिती, तिसरं वाचन अशा प्रत्येक टप्प्यावर तेच हत्यार. 1932 नंतर ते कोणी उपसलंच नव्हतं! कॉन्झर्व्हेटिव्हांचा राग अमेरिकी मालकीवर, सीसीएफ या डाव्या पक्षाला वाहिनी सरकारी मालकीची हवी होती. दोघांना एकत्र आणलं ते हाऊ यांनीच. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार डोनाल्ड फ्लेमिंग यांना सभागृहाबाहेर काढलं, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या एलन फेअरक्लो यांनी त्यांच्या रिकाम्या बाकावर ध्वज पांघरला. छायाचित्र नसतानाही हे दृश्य देशभर पोहोचलं.

कळस 1 जूनला झाला. सभापती बोदोइन यांनी आदल्या संध्याकाळी एका प्रस्तावावर चर्चेला परवानगी दिली होती. रात्र उलटली आणि ते म्हणाले, माझं चुकलं, सभागृह काल सव्वापाच वाजता होतं तिथे परत नेऊ. विरोधक त्यांच्या आसनाकडे धावले. त्या शुक्रवारला आजही 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. विधेयक मुदतीत मंजूर झालं, पण त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पोलाद कामगारांचा संप झाला आणि त्या वर्षी काम जवळपास रखडलंच. म्हणजे घाई करून मिळवलं काय, तर बदनामी.

आकडेमोड
वरच्याशी सहमत, पण निकालाचं गणितही बघा. लिबरलांना देशभरात मतं जास्तच पडली होती. जागा मात्र 105, कॉन्झर्व्हेटिव्हांना 112. बहुमताला 133 हवे होते. लिबरलांची मतं क्वेबेकमध्ये ढिगाने साचली. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार गॉर्डन चर्चिल यांनी पक्षाला बजावलं होतं की क्वेबेकमध्ये पैसा घालू नका, जिथे आधीच जोर आहे तिथे लावा. निकाल: कॉन्झर्व्हेटिव्हांना ओंटारिओत 85 पैकी 61, नोव्हा स्कोशियात 12 पैकी 10, प्रिन्स एडवर्ड बेटावर चारही. खुद्द हाऊ पोर्ट आर्थरमध्ये सीसीएफच्या डग्लस फिशर या शिक्षकाकडून पडले.

चौकस
नोव्हा स्कोशियासारख्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांना गॅसशी काय देणंघेणं? ते तर नकाशावर दुसऱ्या टोकाला.

गव्हाची गोणी
काहीच नाही, आणि म्हणूनच नुसत्या पाइपलाइनवर भागत नाही. भरभराट सगळीकडे सारखी पोहोचलेली नव्हती. अटलांटिक प्रांत मागे पडले होते, आणि 1956 मध्ये महागाई रोखायला बँक ऑफ कॅनडाने पैसा आवळला.

त्यातच अर्थमंत्री वॉल्टर हॅरिस यांचं 1957 चं बजेट. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला 1952 पासून महिना 40 डॉलर पेन्शन मिळत होतं. तिजोरीत शिल्लक असूनही हॅरिसनी फक्त 6 डॉलर वाढवले. लोकांनी त्यांचं नाव 'सिक्स-बक हॅरिस' पाडलं. पैसा नसता तर लोकांनी समजून घेतलं असतं. असून दिला नाही, हे झोंबलं.

प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गव्हाच्या सपाट प्रांतांत, शेतकऱ्यांची कोठारं न विकलेल्या गव्हाने भरलेली. गव्हाचं बोर्ड कोट्यानुसारच माल उचलणार, आणि बाहेर अमेरिका पीएल-480 या आपल्या अन्नमदत कायद्याखाली स्वस्तात गहू वाटतेय. हो, भारतात रेशनवर आला तोच. डीफेनबेकर यांनी कोठारातल्या धान्यावर आगाऊ रक्कम द्यायचं वचन दिलं. मात्र 1957 मध्ये त्याचा लगेच फायदा झाला असं कोणी म्हणत असेल तर थांबा: सस्कॅचवानमध्ये त्यांना 17 पैकी 3 जागा, अल्बर्टातही 17 पैकी 3. लिबरलांवरचा राग तिथे सीसीएफ आणि सोशल क्रेडिट या दुसऱ्या छोट्या पक्षाकडे गेला. आगाऊ रकमेचा कायदा त्याच वर्षी झाला, पेन्शन 55 डॉलर झालं, आणि मार्च 1958 मध्ये अल्बर्टातल्या सगळ्या 17 जागा त्यांच्या पदरात पडल्या. देशात 265 पैकी 208.

आकडेमोड
+1. त्या 208 मध्ये क्वेबेकच्या 50 आहेत, तिथे आधी नऊच होत्या. तो मात्र क्वेबेकचे प्रांतप्रमुख दुप्लेसी यांच्या यंत्रणेचा हात, त्यावर वेगळा धागा काढा.