इंग्लंडमधील शाळेत गणित शिकवायला जात आहे. तेथील वर्गाची रीत कशी समजून घ्यावी?

प्रश्न (सदाशिव पेठ)
नमस्कार. मी गेली १४ वर्षे पुण्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. इंग्लंडमधील शिक्षकपदाची पात्रता, म्हणजे क्यूटीएस, मिळवण्यासाठी २०२३ पासून भारतातील गणितशिक्षकांना इथूनच अर्ज करता येतो. ती मला मिळाली असून सप्टेंबरमध्ये मी तेथील एका माध्यमिक शाळेत रुजू होणार आहे. विषयाची धास्ती नाही. मात्र मुलाखतीसाठी ऑनलाइन पाठ घेतला, तेव्हा एका मुलाने मध्येच 'मिस, हे आम्ही का शिकायचं?' असे विचारले आणि मी क्षणभर गप्पच झाले. आपल्याकडे हा उद्धटपणा ठरला असता. तिथे तो प्रश्न कसा घ्यावा?

प्रतिसाद (कोथरूड)
ताई, मी तिथे सहा वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. असा प्रश्न बहुतेक वेळा खरोखरच पडलेला असतो, त्यामुळे दोन वाक्यांत मनापासून उत्तर द्यावे आणि पुढे जावे. माझी चूक वेगळीच होती. पहिल्या चाचणीनंतर उत्तरपत्रिका वाटताना मी इथल्या सवयीने नाव आणि गुण मोठ्याने पुकारू लागलो. चौथ्या नावाला वर्ग एकदम शांत झाला. ज्या मुलीला ४० पैकी ९ गुण होते, तिने उत्तरपत्रिका न पाहताच दुमडून कोटाच्या बाहीत सारली. दुपारी विभागप्रमुखांनी मला बोलावून एवढेच सांगितले की, गुण हे ज्याचे त्याने पाहायचे असतात. त्या मुलीने पुढे कित्येक आठवडे माझ्या तासाला हात वर केला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रतिसाद (बाणेर)
वरील अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एखादे मूल 'कुणाला सांगू नका' असे म्हणून घरातला त्रास सांगू लागले, तर आपण मायेने 'नाही सांगणार' म्हणून जातो. तिथे तसे वचन देता येत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेल्या व्यक्तीला ते त्याच दिवशी कळवावे लागते, आणि हे मुलालाही आधीच सांगावे. दुसरे म्हणजे आपली मान हलवण्याची पद्धत. 'हो, समजलं' या अर्थाने मी मान डोलवत असे आणि मुलांना ते 'नाही' वाटे, त्यामुळे बरोबर उत्तर दिलेली मुलेही ते खोडत असत.

प्रतिसाद (धनकवडी)
गणितापुरते सांगतो. लाख-कोटी विसरावे लागतात. फळ्यावर १,००,००० असा स्वल्पविराम दिलात तर वर्ग अडतो. दहावीच्या तोडीच्या जीसीएसई परीक्षेत गणिताच्या तीनपैकी दोन प्रश्नपत्रिकांना कॅल्क्युलेटर चालतो, त्यामुळे पाढे येत नाहीत म्हणून मुलांना कच्चे समजू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. गुण पुकारण्याबद्दल वाचले आणि माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची दोन मुले डोळ्यांसमोर आली. आज नववी 'ब'च्या उत्तरपत्रिका मी घडी घालून प्रत्येकाच्या बाकावर नेऊन ठेवल्या. बाणेरच्या ताईंना एक विचारायचे आहे: मान डोलवण्याची सवय आपण कशी मोडलीत?