पाच वर्षांच्या लेकराला गिधाडं का संपली ते सांगावं का?

कोयनाकाठची आई
आम्ही कराडचे. सासऱ्यांचं लहानपण माणमध्ये गेलं. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं घिरट्या घालत कशी उतरायची, हे त्यांनी नातीला सांगितलं. तेव्हापासून पाठीवर टॉवेल टाकून ती अंगणभर गिधाड होऊन फिरते. मग विचारलं, "आता कुठं गेली?" मी खरं सांगितलं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे, असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची शंभरातली नव्याण्णव तरी अशी गेली. परवा तिला ताप आला, तर औषधाचा चमचा तोंडात घेईना. "मी पण मरीन." माझं चुकलं का?

माणदेशी मास्तर
चुकलं, ताई. मी पहिलीच्या पोरांना माळावर नेतो, ओल्या मातीत लांडग्याचा माग दाखवतो. बोटं मोजतात, स्वतःचा पंजा शेजारी टेकवून बघतात. तिथं "आता थोडेच उरलेत" म्हणून काय मिळवायचं? आधी जीव लागू द्या. मरणाचं चौथी-पाचवीत बघू.

शिराळ्याचा बाप
मास्तर, जीव लागला म्हणूनच तर पोरीनं विचारलं! टाळलं असतं तर तिनं मनानंच काहीतरी भयंकर रचलं असतं. ताई, तुमची गोष्ट अर्ध्यावर राहिली एवढंच. 2006 मध्ये गुरांसाठीचं ते औषध सरकारनं बंद केलं. त्याच्याऐवजीचं मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना चालतं. हरियाणात पिंजोरला त्यांची पिल्लं वाढवतात. हे सांगा तिला.

माणदेशी मास्तर
तेही अर्धवटच की. बंदीनंतरही त्याच औषधाच्या माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये माणसांची कुपी 3 मिलीची करावी लागली. खरंच सांगायचं तर हेही सांगा. एवढं ओझं पाच वर्षांच्या जिवावर टाकायला माझं मन घेत नाही.

कोयनाकाठची आई
काल सासऱ्यांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "ते औषध गुरांचं होतं, हे तुझं." अर्धा चमचा घेतला. मग म्हणाली, "मग गिधाडं परत कधी येणार?" मी म्हटलं, मादी वर्षाला एकच अंडं घालते, वेळ लागेल. तिनं बोटं मोजली. "मी दहा वर्षांची झाले की दिसतील?" मास्तर, इथं मी अडले. तुम्ही काय सांगितलं असतं?