समृद्धीवर क्रूझ कंट्रोल लावता का? मी बंद केलंय

विदर्भवाला: मागच्या महिन्यात नागपूरहून नाशिकला येत होतो. समृद्धीवर १२० ला क्रूझ (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता ठरलेला वेग धरून ठेवणारी सोय) लावलं, पाय काढून घेतला, आणि वर्धा सोडल्यावर कारंजा कधी मागे पडलं ते कळलंच नाही. झोप नव्हती हो, डोळे टक्क उघडे होते, पण डोकं जागेवर नव्हतं. समोर एक कंटेनर ६०-७० ने चाललेला, मागचा एक दिवा बंद, आणि माझा पाय सीटखाली मुडपलेला! बायको "अहो ब्रेक!" म्हणून ओरडली तेव्हा कुठे तो पेडलवर गेला. सरळसोट रस्त्यावर ही सोय माणसाला सुस्त करते, असं माझं ठाम मत.

गुडघेदुखी_५२: पाय मुडपून बसलात ही चूक तुमची, क्रूझची नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किमी उजवा पाय एकाच कोनात धरून बघा. आणि क्रूझ नसलं की पाय नकळत दाबला जातो, काटा १३५ वर, मग चलन घरी. मी १०० ला लावतो, टाच ब्रेकजवळ टेकवून ठेवतो. शिवाय आईला गाडी लागते, सारखं दाब-सोड केलं की तिला मळमळतं. हे यंत्र ज्याने काढलं तो राल्फ टीटर अंध होता, शेजारी बसून ड्रायव्हरच्या कमी-जास्त वेगाला वैतागला आणि त्यातनं हे सुचलं, १९५८ ला क्रायस्लरच्या गाडीत आलं. त्याचा वैताग माझ्या आईला विचारा.

घाटमाथा: पावसात मात्र कुणीही लावू नका, प्लीज. साचलेल्या पाण्यावर टायरची पकड सुटते आणि गाडी आपली ठरलेला वेग धरायलाच बघते.

नवी_गाडी: अ‍ॅडाप्टिव्ह घ्या ना, रडार पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतं, कंटेनर आला की आपोआप वेग कमी.

विदर्भवाला: @नवी_गाडी, मॅन्युअल नीट वाचा, थांबलेली गाडी ओळखेलच असं नाही, हे बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. आणि आपल्याकडे कडेला ट्रक उभा करून चाक बदलणारे किती दिसतात!
@गुडघेदुखी, आईचं पटलं. टाचेचंही. पण १०० ला लावून तरी तुमचं लक्ष टिकतं कसं, ते खरंच सांगा, कारण दिवाळीत मला परत जायचंय.

गुडघेदुखी_५२: दर तासाला थांबतो. आणि अंधार पडला की क्रूझ बंद, दुखू दे पाय.