माणसाचा स्वार्थच मानवजातीच्या मुळावर येईल का?

प्रश्न : विचारवेध

इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खटकते. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीची युद्धे मूर्खपणाची वाटतात आणि तरीही तीच पिढी पुढच्या युद्धाची जय्यत तयारी करते. दुसऱ्या महायुद्धात सात ते आठ कोटी माणसे मेली. त्यातून शहाणपण यावे, तर १९८६ च्या सुमारास जगातल्या अण्वस्त्रांची संख्या ७०,००० च्या घरात पोहोचली होती. आज ती १२,००० च्या आसपास आहे, म्हणजे सर्वनाशाला अजूनही पुरून उरेल इतकी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहे. कारणे ठाऊक आहेत, बरेचसे उपायही ठाऊक आहेत, पण आधी दुसऱ्याने झळ सोसावी म्हणून जो तो अडून बसला आहे.

स्वार्थ आणि भांडखोरपणा हे माणसाच्या हाडीमाशी खिळलेले दोष असतील, तर त्यांच्यामुळेच त्याचा शेवट होणार हे अटळ मानावे का? ‘आशा सोडू नका’ अशा स्वरूपाचे उत्तर कृपया नको. होकारार्थी असो वा नकारार्थी, कारणांसह वाचायला आवडेल.

प्रतिसाद : तटस्थ

प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, ती आधी सोडवलेली बरी. नामशेष होणे वेगळे आणि ऱ्हास होणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात जे मेले ते तेव्हाच्या सुमारे २३० कोटी लोकसंख्येच्या तीन-साडेतीन टक्के होते. चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपातली किमान एक तृतीयांश माणसे नेली, तरीही युरोप उरला. आठशे कोटींची, सर्व खंडांवर पसरलेली ही प्रजाती केवळ भांडणाने समूळ नष्ट होणे कठीण आहे. मोठ्या अणुयुद्धात जळणाऱ्या शहरांच्या काजळीने सूर्यप्रकाश अडेल, पिके बुडतील आणि स्फोटांपेक्षा उपासमारीनेच जास्त माणसे मरतील, असे शास्त्रज्ञ १९८३ पासून मांडत आले आहेत. तरीही त्यातून काही माणसे उरण्याचीच शक्यता अधिक आहे. अर्थात ते जगणे जगण्यासारखे असेल का, हा निराळा प्रश्न. ‘अंत’ हा शब्द बाजूला ठेवून ‘न भरून येणारी हानी’ असे म्हटले, तर तुमची भीती मला अवाजवी वाटत नाही.

प्रतिसाद : सामाईक बांध

माझे मत जरा वेगळे आहे. स्वार्थ हा दोष आहे असे गृहीत धरले की उपाय म्हणून माणसाने निःस्वार्थी व्हावे एवढेच सुचते, आणि ते होणार नाही हे सर्वांनाच दिसत असल्यामुळे निराशा येते. प्रत्यक्षात जिथे जिथे सामाईक गोष्टी टिकल्या, तिथे कोणी स्वार्थ सोडला नव्हता. स्वार्थालाच कामाला जुंपले होते.

सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जाईल आणि शेवटी कुरणच संपेल, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी शेकडो वर्षे टिकलेली खरीखुरी कुरणे, जंगले आणि पाटबंधारे यांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी दिलेले स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल या डोंगरी गावाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. हिवाळ्यात आपल्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्यापेक्षा जास्त गाई कोणीही उन्हाळी कुरणावर सोडायच्या नाहीत, असा नियम तिथे १५१७ पासून होता. या नियमाची खुबी अशी की मर्यादा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. कोणाच्या गोठ्यात हिवाळाभर किती गाई होत्या हे शेजाऱ्याला वेगळे विचारावे लागत नसे. शिवाय नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या दंडातला निम्मा वाटा स्वतःकडे ठेवता येत असे, त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून राखण करी. साधुत्वाची अपेक्षा त्यांनी ना शेतकऱ्याकडून केली, ना राखणदाराकडून.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापुढचा कॉड मासा चारशेहून अधिक वर्षे माणसांना पोसत होता. मोठ्या ट्रॉलर जहाजांनी १९६८ मध्ये एका वर्षात सुमारे आठ लाख टन मासा उपसला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर हक्क सांगून परदेशी जहाजे बाहेर काढली, तेव्हा आता मासा वाचला असे वाटले होते. पण त्यांची जागा स्वदेशी जहाजांनी घेतली. त्या जहाजांना चांगला मासा मिळत राहिला, कारण उरलेसुरले थवे एका जागी गोळा होत आणि नेमके शोधूनही काढता येत. त्यामुळे समुद्रात किती मासा शिल्लक आहे याचा अंदाज वर्षानुवर्षे फुगलेला राहिला, आणि किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार जाळी रिकामी येत असल्याची तक्रार करत होते त्याकडे दुर्लक्ष झाले. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला आणि दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी तीन दशके लांबली. माणसे स्वार्थी टॉर्बेलमध्येही होती आणि इथेही होती. इथे मात्र मर्यादा कोणाला दिसत नव्हती आणि ज्यांना दिसत होती त्यांच्या हाती अधिकार नव्हता.

हे केवळ गावपातळीवर जमते असेही नाही. ओझोनच्या थराला भोक पडल्याचे १९८५ मध्ये जाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. हा थर विरळ करणारी क्लोरोफ्लुरोकार्बन ही रसायने तयार करणाऱ्या कंपन्यांनी आधी विरोधच केला होता. पर्यायी रसायनांच्या विक्रीतही नफा आहे हे दिसल्यावर तो मावळला. करारात न येणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार बंद, आणि गरीब देशांना बदलासाठी निधी, अशी दुहेरी तजवीज करारात होती. शेवटी जगातला एकूण एक देश त्यात सामील झाला.

प्रतिसाद : उलटतपासणी

‘सामाईक बांध’ यांचा मुद्दा कुरणापुरता पटतो, युद्धाला मात्र तो लागू पडत नाही, कारण युद्ध निव्वळ स्वार्थावर चालतच नाही. १९१६ मध्ये सक्तीची भरती सुरू होण्याआधी ब्रिटनमधून सुमारे २५ लाख माणसे स्वखुशीने सैन्यात गेली. स्वतःचा जीव हाच ज्याचा पहिला स्वार्थ, तो माणूस खंदकात कशाला उतरेल? आपल्या गटासाठी मरायची तयारी, दिलेल्या शब्दाला जागणे, वरिष्ठांवर विश्वास ठेवणे हे सगळे एरवी सद्गुण समजले जातात आणि संघर्षाला इंधन मिळते ते त्यांच्याकडूनच. निखळ स्वार्थी माणसांचे सैन्य पहिल्या गोळीलाच पळून जाईल. म्हणून मूळ प्रश्नात स्वार्थ आणि संघर्ष यांना एकाच दावणीला बांधले आहे ते मला चुकीचे वाटते. मला स्वार्थी माणसापेक्षा ‘आपल्या’ माणसांसाठी काहीही करायला तयार असलेल्या सज्जनाची भीती अधिक वाटते.

विचारवेध

तिन्ही प्रतिसाद विचारात पाडणारे आहेत. तरी एक शंका उरते. कुरण डोळ्यांसमोर असते आणि ओझोन विरळ झाल्याचे परिणाम त्याच पिढीला भोगावे लागणार होते. हवामानबदलात फायदा आजचा आहे आणि तोटा मुख्यतः अजून जन्मालाही न आलेल्यांचा. २०१५ च्या पॅरिस करारात उद्दिष्ट चुकवणाऱ्याला दंड नाही. इथे स्वार्थाला जुंपायचे तरी कसे? आणि अण्वस्त्रांच्या बाबतीत तर चूक करून शिकायला दुसरी संधीच मिळणार नाही.

प्रतिसाद : सामाईक बांध

हवामानाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. तिथे जी काही हालचाल दिसते ती करारांपेक्षा सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त झाल्यामुळे जास्त आहे, म्हणजे पुन्हा आजचाच स्वार्थ. तो पुरेशा वेगाने काम करील असे ठामपणे म्हणण्याची माझी तयारी नाही.

अण्वस्त्रांचे निराळे आहे. तिथे सर्वांत मोठा धोका मला दुष्टपणापेक्षा घाईचा वाटतो. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबाजवळ अमेरिकी युद्धनौकांनी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी सरावाचे सुरुंग टाकले. आत उकाडा असह्य झाला होता, बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि मॉस्कोशी संपर्क नव्हता, त्यामुळे वर युद्ध सुरू झाले की नाही हे कोणालाच कळत नव्हते. पाणबुडीवर अण्वस्त्र लावलेला टॉर्पेडो होता. कप्तानाने तो सज्ज करण्याची भाषा केली आणि वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला आवरले, असे त्या मोहिमेतल्या माणसांच्या आठवणींतून पुढे आले आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी सुरू करणार नाही, असा विचार करून तेव्हा पहाऱ्यावर असलेले सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले. प्रत्यक्षात उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. या दोन्ही प्रसंगी समोरच्यांचे वैर तसूभरही कमी झालेले नव्हते.

त्याच वैराच्या काळात दोन्ही महासत्तांनी देवी रोगाच्या निर्मूलनासाठी एकत्र काम केले. मोहिमेचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने मांडला होता, लसीचा मोठा साठाही त्याने पुरवला, पुढच्या जागतिक मोहिमेचे नेतृत्व एका अमेरिकी डॉक्टरने केले आणि १९८० मध्ये देवी संपल्याचे जाहीर झाले. त्यामुळे वैर संपेपर्यंत थांबावे लागते असे मला वाटत नाही. खंडांतर क्षेपणास्त्राला लक्ष्य गाठायला साधारण अर्धा तास लागतो आणि निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली मोजकी मिनिटे येतात. अण्वस्त्रे क्षेपणास्त्रांपासून वेगळी ठेवली, तर त्या मिनिटांचे तास किंवा दिवस करता येतील. त्यासाठी कोणालाही आपले शस्त्र टाकावे लागत नाही, शत्रूवर विश्वासही ठेवावा लागत नाही. शत्रूकडून चुकून होणाऱ्या हल्ल्यात आपण मरू नये, एवढी स्वतःच्या जिवाची काळजी पुरेशी आहे.

प्रतिसाद : उलटतपासणी

याला माझी हरकत नाही, फक्त एक पुस्ती जोडतो. वेगळी ठेवलेली अण्वस्त्रे खरोखर वेगळी आहेत, हे समोरच्याला तपासू द्यावे लागेल. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या १९८७ च्या करारात एकमेकांच्या तळांवर निरीक्षक पाठवण्याची सोय होती. तो करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. टॉर्बेलचा राखणदार इथे कोणाला नेमणार, हे ठरल्याशिवाय बाकीची चर्चा पुढे जाणार नाही.